वर वळलेले कान, खाली वळलेले कान

चौरस कागद घ्यावा, त्याचा एक कोपरा समोरच्या कोपऱ्यावर नेऊन ठेवावा आणि घडीवरून अंगठ्याचं नख फिरवावं. हातात त्रिकोण येतो. त्याची लांब बाजू वर आणि टोक खाली ठेवून वरची दोन टोकं तिरकी खाली वळवली की लोंबते कान तयार होतात. खालच्या टोकाचा वरचा पदर थोडा वर दुमडला की नाक येतं. हा कुत्रा. आता तोच त्रिकोण उलट फिरवावा, म्हणजे टोक वर आणि लांब बाजू खाली. टोक पुढे दुमडून खाली आणावं, डावी-उजवी टोकं वर उभी करावीत आणि कागद पालथा करावा. हे मांजर. दोघांनाही चार-चारच घड्या लागल्या. कात्री लागली नाही, डिंक लागला नाही, रंगही लागला नाही.

खरं नवल यापुढे आहे. या कागदावर अजून डोळे नाहीत, मिशा नाहीत, तरी तीन-साडेतीन वर्षांचं मूल तो हातात घेताच ‘भूभू’ किंवा ‘माऊ’ म्हणतं. कुत्रा आणि मांजर यांच्यात फरक काय थोडे आहेत? आवाज वेगळा, चाल वेगळी, शेपटीची भाषा वेगळी, डोळ्यांतल्या बाहुल्यांचा आकारसुद्धा वेगळा. ते सगळं गळून फक्त कानांची दिशा कागदावर उरली, तरी मुलाला ओळख पटते. बालवाडीत आणि घरी कुत्र्या-मांजरांच्या म्हणून ज्या सोप्या वस्तू केल्या जातात, त्यांतल्या बहुतेक याच एका खुणेवर उभ्या आहेत.

ही खूण आली कुठून, याचं उत्तर प्राणिशास्त्रात आहे. कुत्र्याचे पूर्वज लांडगे, आणि लांडग्याचे कान ताठ उभे असतात. कोल्हा, खोकड, रानकुत्रा या सगळ्या भावंडांचेही तसेच. रानात राहणाऱ्याला चारही दिशांचा आवाज टिपावा लागतो. माणसाच्या सोबतीला आल्यावर मात्र कुत्र्यांच्या अनेक जातींचे कान खाली आले. चार्ल्स डार्विननं १८५९ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात, पहिल्याच प्रकरणात, पाळीव प्राण्यांच्या पडलेल्या कानांची नोंद घेतली आहे. पुढे १९५९ साली रशियात नोवोसिबिर्स्क इथे दिमित्री बेल्यायेव या शास्त्रज्ञानं रुपेरी खोकडांवर एक दीर्घ प्रयोग सुरू केला. दर पिढीतली सगळ्यांत शांत, माणसाला न घाबरणारी पिल्लं तेवढी निवडायची आणि त्यांच्यापासून पुढची पिढी वाढवायची. निवड फक्त स्वभावाची होती, कानांकडे कुणी पाहिलंही नव्हतं. तरी काही पिढ्यांनी पडक्या कानांची, ठिपक्यांची, वळलेल्या शेपटीची पिल्लं दिसू लागली. ती खोकडं मुळात कॅनडातल्या लोकरी कातड्यांच्या फार्मवरून आलेल्या वंशाची होती आणि यांतली काही लक्षणं त्यांच्यात आधीपासून असावीत, असा आक्षेप अलीकडे संशोधकांनी घेतला आहे. तो लक्षात ठेवायला हवा. पण पडका कान लांडग्याकडे नव्हता आणि माणसाजवळ आल्यावर तो कुत्र्यात पसरला, याबद्दल वाद नाही. तीन वर्षांचं मूल कागदाचं टोक खाली वळवतं, तेव्हा लांडगा ते कुत्रा हा हजारो वर्षांचा प्रवास त्याच्या बोटाखालून जातो.

मांजराचं तसं झालं नाही. तेही हजारो वर्षं माणसाजवळ आहे, पण स्वतःची शिकार स्वतः करत आलं आणि त्याचे कान उभेच राहिले. प्रत्येक कानाला दोन डझनांहून अधिक स्नायू असतात, आणि कान जवळजवळ मागच्या बाजूपर्यंत फिरतो. तोही दुसऱ्या कानापासून वेगळा. पडक्या कानांची एक जात आहे, स्कॉटिश फोल्ड. १९६१ साली स्कॉटलंडमधल्या एका शेतावर सापडलेल्या पांढऱ्या मांजरीपासून ती निघाली. तिचे कान ज्या जनुकामुळे पडतात, तेच जनुक अंगातल्या इतर कूर्चाही बिघडवतं. सांधे दुखतात, शेपूट आणि पाय आखडतात. चित्रांत ही मांजरं फार गोजिरवाणी दिसतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं पाहिजे. कागदाच्या मांजराचे कान वर वळवतो, तेच निरोगी मांजराचं रूप आहे.

आपल्याकडे मात्र या हस्तकलेला एक जोड द्यावी लागते. चित्रपुस्तकांतला लोंबत्या कानांचा कुत्रा बहुधा परदेशी जातीचा असतो. आपल्या गल्लीत, एसटी स्टँडवर, शेताच्या बांधावर जो गावठी कुत्रा दिसतो, त्याचे कान उभे किंवा अर्धे उभे असतात; पुष्कळदा फक्त शेंडा पुढे कललेला. बालवाडीतल्या एखाद्या मुलानं ‘हा आमच्या मोत्यासारखा नाही’ असं म्हटलं, तर ते मूल बरोबर आहे. त्यासाठी मांजराची घडी घालावी आणि उभ्या कानांचे फक्त शेंडे नखाएवढे पुढे मोडावेत. हनुवटीकडचा भाग दुमडू नये, लांबच ठेवावा, कारण कान उभे झाले की कुत्र्याची ओळख त्याच्या लांब तोंडावर येऊन ठेपते. शेपूट विळ्यासारखी वर वळवावी. शहरांत काही भटक्या कुत्र्यांच्या कानाला बारीकशी खाच असते. त्या कुत्र्याची नसबंदी झाली आहे आणि त्याला रेबीजची लस टोचली आहे, याची ती खूण. मुलं ही खाच टिपतात आणि विचारतात. कागदाच्या कानाला कात्रीनं तेवढीच खाच दिली की खेळता खेळता त्या प्रश्नाचं उत्तरही देता येतं.

कागदाच्या घड्या शाळेत आल्या त्याची हकिगत लांबची आहे. जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्ग या गावी फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ साली लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला किंडरगार्टन हे नाव दिलं. त्यांच्या शिक्षणक्रमात चेंडू, ठोकळे, काड्या यांच्यासोबत कागद दुमडणं, कागदाच्या पट्ट्या विणणं, माती मळणं हे उद्योग होते. फ्रोबेलनी आकृत्यांचे तीन वर्ग मानले होते. एक रोजच्या जगण्यातल्या वस्तूंचा, दुसरा ज्ञानाचा म्हणजे गणिताचा, तिसरा सौंदर्याचा. मुलानं बसून, एकाग्र होऊन, चौरसाचा त्रिकोण केला तर त्यात भूमिती आहेच, असं ते मानत. १८७६ मध्ये तोक्योला पहिलं किंडरगार्टन निघालं, तेव्हा जर्मनीतून आलेल्या घड्या आणि जपानमध्ये शतकानुशतकं चालत आलेल्या घड्या एकाच वर्गात आल्या. आज जगभरच्या बालवाड्यांत ज्या कुत्र्या-मांजरांच्या तोंडांच्या घड्या शिकवल्या जातात, त्या या मिश्र परंपरेतल्या आहेत.

आपल्याकडे त्याच किंडरगार्टनच्या साहित्यातून एक वेगळंच रोप उगवलं. मद्रासकडचे टी. सुंदर राव यांनी १८९३ साली कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं पुस्तक इंग्रजीत प्रसिद्ध केलं. ही कल्पना आपल्याला किंडरगार्टनच्या आठव्या क्रमांकाच्या साहित्यावरून, म्हणजे मुलांच्या घडीकामावरून सुचली, असं त्यांनी प्रस्तावनेतच नोंदवलं आहे. चौरसापासून सुरुवात करून पंचकोन, षट्कोन करत ते अनंत श्रेढी आणि वक्ररेषांपर्यंत जातात, आणि हे सगळं पट्टी-कंपासशिवाय. फेलिक्स क्लाइन या मोठ्या जर्मन गणितज्ञानं या पुस्तकाचा उल्लेख केला, आणि १९०१ मध्ये शिकागोहून त्याची आवृत्ती निघाली. मुलाच्या हातातल्या कुत्र्याची पहिली घडी ही चौरसाचा कर्ण आहे आणि त्या घडीतून ४५, ४५ आणि ९० अंशांचा त्रिकोण मिळतो, हे सुंदर रावांचं पुस्तक चाळल्यावर विसरता येत नाही.

आणखी एका माणसाचं ऋण इथे मानलं पाहिजे. अकिरा योशिझावा, जन्म १९११. तरुणपणी ते कारखान्यात काम करत आणि हाताखालच्या नव्या कामगारांना भूमिती समजावण्यासाठी कागदाच्या घड्या वापरत. १९५४ च्या त्यांच्या पुस्तकात त्यांनी घड्या दाखवण्याची एक खूणपद्धती मांडली: पुढे येणाऱ्या घडीला तुटक रेघ, मागे जाणाऱ्या घडीला रेघ आणि टिंबं, हालचालीला बाण. पुढे इतरांनी तिच्यात भर घातली आणि ती जगभर रूढ झाली. आपल्याकडे या दोन घड्यांना दरी आणि डोंगर म्हणतात. या पद्धतीमुळे जपानी पुस्तकातलं मांजर जपानी न येणाऱ्या, किंबहुना अजून कुठलीच लिपी न येणाऱ्या मुलालाही करता येतं. अक्षरओळखीआधी मूल जे पहिलं छापील पान ‘वाचून’ त्याबरहुकूम काम करतं, ते पुष्कळदा असं बाणांचं असतं. मला हे फार मोठं वाटतं.

महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत नेलं. महागडं परदेशी साहित्य तिथे शक्यही नव्हतं आणि त्यांना ते योग्यही वाटत नव्हतं. बिया, शिंपले, पानं, माती, काड्या हे आजूबाजूला मिळणारं शैक्षणिक साहित्य त्यांनी वर्गात आणलं. नंतरच्या काळात पुण्याच्या आयुका संस्थेतल्या मुलांच्या विज्ञानकेंद्रात अरविंद गुप्ता यांनी कागद, काडेपेट्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी अशा वस्तूंपासून शेकडो खेळणी करून दाखवली आणि ती सर्वांसाठी मोफत खुली ठेवली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज एखाद्या अंगणवाडीताईनं लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचं मांजर केलं, तर त्यामागे ही सगळी परंपरा आहे.

कान झाले. मुलाला पुढे हवं असतं ते तोंड, उघडणारं आणि मिटणारं. ही हौस किती जुनी आहे याचा पुरावा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. हस्तिदंताचा, धावत्या अवस्थेतला, सुमारे १८ सेंटिमीटर लांबीचा एक कुत्रा. तो प्राचीन इजिप्तमधला, तिसऱ्या अमेनहोतेपच्या काळातला आहे, म्हणजे जवळजवळ ३,४०० वर्षांपूर्वीचा. त्याच्या पोटाखाली एक दांडी आहे. ती हलवली की कुत्रा तोंड उघडतो, आत दोन दात आणि लाल जीभ दिसते. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये याच देशातलं एक लाकडी मांजर आहे, खालचा जबडा हलणारं, स्फटिकाच्या डोळ्यांचं आणि कांशाच्या दातांचं. कुत्रा आणि मांजर, दोघांचेही जबडे तेव्हाच हलू लागले होते.

तेच आजच्या मुलाला एका ए-फोर कागदात करता येतं. कागद उभा धरून त्याच्या लांबीला समांतर अशा तीन घड्यांत गुंडाळावा. सात सेंटिमीटर रुंदीची तीन पदरी पट्टी मिळते. ती मधोमध दुमडावी. मग दोन्ही सुटी टोकं बाहेरच्या बाजूनं पुन्हा मधल्या घडीपर्यंत आणावीत. बाजूनं पाहिलं तर कागद नागमोडी दिसतो. वरच्या खिशात चार बोटं, खालच्या खिशात अंगठा, आणि हात उघडला-मिटला की तोंड उघडतं-मिटतं. मधल्या घडीत लाल घोटीव कागदाची जीभ चिकटवावी. वर दोन त्रिकोण उभे लावले तर मांजर, दोन लांबट पट्ट्या लोंबत्या लावल्या तर कुत्रा. जोडी हरवलेल्या मोज्यातूनही हेच साधतं: टाचेचा भाग मनगटावर घ्यायचा, बोटांचा भाग तळहातात आत खोचायचा. इजिप्तच्या कुत्र्याला जी दांडी होती, तिचं काम इथे अंगठा करतो. मूल एकदा बोलणारं तोंड हातात घालून बसलं की बोलणं आपोआप येतं. अनोळखी माणसांपुढे तोंड न उघडणारी मुलं मोज्याच्या मांजराकडून मात्र सगळं बोलवून घेतात, हा बालवाडीतल्या पुष्कळ तायांचा अनुभव आहे.

पावलांचे ठसे हा तर सर्वांत कमी साहित्याचा प्रकार. गेरू किंवा हळद पाण्यात दाट कालवावी. अंगठ्याचा एक ठसा खाली आडवा, चार बोटांचे चार ठसे वर कमानीत. हे झालं पाऊल. आता यात कुत्रं कुठलं आणि मांजर कुठलं? कुत्र्याची नखं बाहेरच असतात, म्हणून त्याच्या ठशात बोटांपुढे नखांचे टिपके उमटतात. मांजर चालताना नखं आत ओढून घेतं, म्हणून त्याचा ठसा टिपक्यांविना, गोलसर. काडीच्या टोकानं चार टिपके दिले की मांजराचा कुत्रा होतो. जंगलात माग काढणारे वनरक्षकही मांजरकुळातलं जनावर आणि कुत्र्याच्या कुळातलं जनावर असंच वेगळं ओळखतात.

या ठशांची एक अस्सल गोष्ट सिंधमध्ये सापडली. चान्हुदडो इथे १९३५-३६ साली अर्नेस्ट मॅके यांनी उत्खनन केलं. तिथे निघालेल्या सिंधू संस्कृतीच्या एका विटेवर दोन जनावरांची पावलं उमटलेली आहेत, एक मांजराचं आणि एक कुत्र्याचं. वीट ओली असताना, उन्हात वाळत पडलेली असताना, मांजर तिच्यावरून गेलं आणि मागोमाग कुत्रं. कुत्रा मांजराच्या पाठी लागला होता, असा अर्थ अभ्यासकांनी त्या खोल ठशांवरून लावला. चार हजार वर्षांहून जुना हा पाठलाग आहे. मोठ्या कागदावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गोलसर ठसे काढून त्यांच्यामागे टिपकेवाले ठसे काढले की मुलांना ही गोष्ट सांगावी. त्यांना ती एकदम पटते, कारण हा पाठलाग त्यांनी आपल्या अंगणात पाहिलेला असतो.

चेहऱ्याकडे वळू. पत्रावळीवर किंवा कागदी ताटलीवर तोंड काढायचं असेल, तर मोठी माणसं डोळे कपाळाजवळ काढतात आणि चेहरा रुक्ष होतो. डोळे ताटलीच्या मध्यरेषेच्या जरा खाली, एकमेकांपासून लांब, आणि मोठे काढावेत. कोनराड लोरेंत्स या प्राणिवर्तनशास्त्रज्ञानं १९४३ साली मांडलं की मोठं कपाळ, खाली असलेले मोठे डोळे, गोल गाल, छोटं नाक हे बाळाच्या चेहऱ्याचं रूप दिसलं की माणसाच्या मनात माया जागी होते, मग ते बाळ माणसाचं असो की पिल्लू. डोळे दोन बोटं खाली सरकवले की ताटली पिल्लू होते. करून पाहावं, फरक खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसतो.

डोळ्यांसाठी सर्वांत उत्तम वस्तू म्हणजे टिकली. ती स्वतःच चिकटते, डिंकाचा पसारा होत नाही, आणि मुलाच्या चिमटीला नेमका व्यायाम होतो. त्यातही निवड आहे. कुत्र्याची बाहुली नेहमी गोल असते, त्याला गोल टिकली. मांजराची बाहुली उजेडात उभ्या फटीसारखी बारीक होते आणि अंधारात गोल पसरते. म्हणून दिवसाच्या मांजराला लांबट टिकली, रात्रीच्या मांजराला मोठी गोल टिकली. एकाच मांजराची दोन तोंडं करून ‘आता दिवस, आता रात्र’ असा खेळ होतो, आणि तो खेळ शास्त्राला धरून आहे.

मिशा साधारणपणे दोन्ही बाजूंना तीन-तीन काढल्या जातात. खऱ्या मांजराला दर बाजूला बारा-एक लांब मिशा असतात, चार ओळींत मांडलेल्या, आणि अंधाऱ्या सांदीत समोर काय आहे हे ते त्यांच्या टोकांवरून जाणतं. मिशा कुत्र्यालाही असतात, फक्त आपण त्या काढत नाही. मिशांसाठी खराट्याच्या काड्या वापरू नयेत, डोळ्यात जाण्याची भीती असते. जाड दोरा खळीत बुडवून वाळवला की पुरेसा ताठ होतो. कुत्र्याच्या तोंडाला एक सोपी युक्ती आहे: पत्रावळीच्या मध्यावर छोटा द्रोण पालथा चिकटवला की मुस्कट पुढे येतं, आणि त्यावर काळं नाक. मांजराला द्रोण लावू नये. त्याचं तोंड चपटंच हवं.

खळ हा शब्द वर आला. बाजारच्या डिंकाआधी घरोघरी हीच असे: दोन चमचे मैदा किंवा कणीक थंड पाण्यात गुठळी न होऊ देता कालवायची आणि मंद आचेवर ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवायची. बुकबाइंडर किडे लागू नयेत म्हणून त्यात मोरचूद घालतात. मुलांच्या खळीत तो कधीही घालू नये, तो विषारी आहे. मुलं बोटं तोंडात घालणारच. बिनमोरचुदाची खळ दोन-तीन दिवसांत आंबते, तेव्हा थोडीच करावी.

कोणत्या वयाला काय, याचा अंदाज असला तर मुलाची चिडचिड टळते. अडीच वर्षांचं मूल कागद फाडतं आणि चिकटवतं. फाडलेल्या कागदाच्या कडा केसाळ दिसतात, म्हणून या वयाला पुठ्ठ्यावरच्या मांजराच्या आकृतीत तुकडे चिकटवायला द्यावेत. कापलेल्या कागदापेक्षा ते मांजर जास्त लोकरी दिसतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी बोथट टोकाची कात्री हातात द्यावी, पण आधी फक्त कडेला चिरे पाडण्यापुरती. ते चिरे म्हणजे कुत्र्याचे केस. कोपऱ्यावर कोपरा जुळवून घडी घालणं चौथ्या वर्षाच्या आसपास जमू लागतं. ते दिसतं तेवढं सोपं नाही. एका हातानं टोक धरून ठेवायचं आणि दुसऱ्यानं घडी दाबायची, म्हणजे दोन हातांनी एकाच वेळी दोन वेगळी कामं. कान वाकडा झाला तर मोठ्यांनी तो सरळ करू नये. खऱ्या कुत्र्याचा एक कान उभा आणि एक पडलेला असणं अगदी नेहमीचं आहे.

ए-फोर कागदाचा चौरस करताना २१० मिलिमीटरची बाजू कर्णावर दुमडली की बाजूला ८७ मिलिमीटर रुंदीची पट्टी उरते. ती फेकू नये. तिच्या दोन बारीक पट्ट्या कापून काटकोनात चिकटवाव्यात आणि एकीवर दुसरी अशा आलटून-पालटून दुमडत जाव्यात. दाबली की मिटणारी आणि सोडली की उसळणारी शेपूट तयार होते. चौरसातून तोंड, उरलेल्यातून शेपूट, कागदाचा कपटाही वाया नाही.

काळजी एकाच गोष्टीची, पण ती पुरी घ्यावी. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी जगभर एक साधी चाचणी वापरतात: सुमारे ३१.७ मिलिमीटर व्यासाची छोटी नळी. जी वस्तू तिच्यात पूर्ण मावते, ती मुलाच्या घशात अडकू शकते. बटणं, मणी, हलणारे प्लास्टिकचे डोळे यात बसतात. मोज्याच्या कुत्र्याला या वयात बटणाचे डोळे शिवू नयेत, दोऱ्यानं भरावेत. दिव्यांच्या खेळण्यातले चपटे गोल सेल घरातल्या हस्तकलेच्या डब्यात कधीच ठेवू नयेत. गिळले तर काही तासांत अन्ननलिका जळते.

आणि शेवटी माती, कारण हातानं आकार देण्याची सुरुवात कागदाच्या फार आधी मातीत झाली. हडप्पाला भाजक्या मातीचे छोटे कुत्रे सापडले आहेत, काहींच्या गळ्यात पट्टाही आहे, म्हणजे ते पाळलेले होते. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबाद इथे १९७४ साली कांशाची चार शिल्पं मिळाली. त्यांतला बैलजोडीचा रथ ४५ सेंटिमीटर लांब आहे. रथात माणूस उभा आहे, आणि बैलांच्या मागे, रथाच्या दांडीवर एक कुत्रा उभा आहे. बैल, गाडी, माणूस घडवल्यावर त्या कारागिराला कुत्र्यावाचून ते अपुरं वाटलं.

पोळ्याला मातीचे बैल करणाऱ्या घरांत कुत्रा-मांजर करायला वेगळं काही आणावं लागत नाही. शाडू कणकेइतकी मऊ मळून मुठीएवढा गोळा घ्यावा. कुत्र्याचे चार पाय वेगळे करून चिकटवू नयेत. गोळ्यातूनच चिमटीनं ओढून काढावेत, नाहीतर वाळताना सांध्यावर सुटतात. कान चिकटवावेच लागले, तर दोन्ही जागी काडीनं ओरखडे काढून मधे पातळ चिखल लावावा. मांजर बसलेलं करावं, शेपूट अंगाला वेढून, म्हणजे कुठलाही भाग अधांतरी राहत नाही आणि तीन वर्षांच्या मुलालाही ते जमतं. दोन्ही सावलीत वाळवावीत. उन्हात ठेवली तर पहिली भेग कुत्र्याच्या शेपटीच्या बुडाशी पडते.